दोन लेसरमधली लहर

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेल सिस्टिम या टेलिफोन व्यवस्थेच्या इंजिनिअरांनी जमिनीखाली सुमारे १४ किलोमीटर लांबीची एक पोलादी नळी पुरली. आतला व्यास ६० मिलिमीटर, आतून तांब्याचा मुलामा. या नळीतून टेलिफोनची संभाषणं जायची होती आणि ती वाहून नेणार होत्या मिलिमीटर लहरी, म्हणजे १ ते १० मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी. वारंवारतेच्या भाषेत ३० ते ३०० गिगाहर्ट्झ. उघड्यावर या लहरींना पाऊस अडवतो, भिंत अडवते, साधं झाड आडवं आलं तरी त्या पलीकडे धड पोचत नाहीत. मग त्यांना उघड्यावर सोडायचंच कशाला, कोरड्या नायट्रोजनने भरलेल्या बंद नळीतून नेऊ, असा त्यामागचा विचार. एका नळीतून एकाच वेळी दोन लाखांहून अधिक संभाषणं जाऊ शकतील असा हिशेब होता आणि चाचण्याही चांगल्या पार पडल्या. नळी पुरणं मात्र जिकिरीचं होतं. ती जरा वाकली किंवा दबली, की आतल्या लहरीची घडण बिघडायची आणि शक्ती वाया जायची.

ही नळी चाचणीच्या पुढे गेलीच नाही. तिला हरवलं काचेने. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये हिशेब मांडून दाखवला होता, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या बारीक तंतूतून प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर नेता येईल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्त्झ यांनी तसा तंतू तयार केला. १९७७ मध्ये शिकागोच्या रस्त्यांखालून बेल सिस्टिमचेच फोन काचेतून बोलू लागले. काचेचा तंतू वळवता येतो, रिळावर गुंडाळता येतो, आधीच्या केबलसाठी टाकलेल्या पाइपातून ओढून घेता येतो. त्याच्यापुढे साठ मिलिमीटरच्या ताठ नळीचा टिकाव लागणं शक्य नव्हतं.

आज तोच तंतू मिलिमीटर लहरींना आपल्या अंगावर घेऊन अँटेनापर्यंत पोचवतो आहे. प्रतिस्पर्धी होते ते भागीदार झाले. ही भागीदारी समजून घ्यायला हवी, कारण बिनतारी संदेशवहनाबद्दलची आपली एक समजूत तिच्यामुळे बदलते. मोबाइल बिनतारी आहे असं आपण म्हणतो. पण त्या संदेशाच्या प्रवासातला बिनतारी तुकडा अगदी शेवटचा, काहीशे मीटर ते फार तर काही किलोमीटरचा असतो. बाकी सगळी वाट प्रामुख्याने काचेची. आणि रेडिओ लहर जितकी आखूड, तितकी ही काच तुमच्या-माझ्या जवळ यावी लागते.

मिलिमीटर लहरींच्या मागे लागण्याचं कारण एकच: तिथे जागा आहे. घरातलं जुनं वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तो पट्टा अख्खा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथची उपकरणं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा दाटीवाटीने राहतात. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास वायफायची एकेक वाहिनीच २.१६ गिगाहर्ट्झ रुंद असते, म्हणजे त्या अख्ख्या पट्ट्याच्या पंचवीसपटींहून जास्त. वाहिनी जितकी रुंद तितकी दर सेकंदाला जास्त माहिती मावते. भारतात २०२२ च्या लिलावात ५जीसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला तो याच ओढीने. काटेकोरपणे पाहिलं तर त्याची तरंगलांबी साडेअकरा मिलिमीटर भरते, पण व्यवहारात त्यालाही मिलिमीटर लहरच म्हणतात.

आपल्या देशाला या लहरी नव्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात ज्या लहरींवर प्रयोग केले, त्यातल्या काहींची तरंगलांबी ५ मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये हाताशी असलेल्या सामानातून त्यांनी लहर सोडणारं यंत्र, ती पकडणारा शोधक, तिला दिशा देणारं शिंगाच्या आकाराचं तोंड आणि ती वाकवणारे लोलक बनवले. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे सगळं दाखवलं. त्यानंतर जग मार्कोनीच्या लांब लहरींकडे वळलं, कारण जहाजांना शेकडो मैलांवरून बोलायचं होतं आणि आखूड लहरी दूर जात नव्हत्या. बोस यांचं काम पुढची कित्येक दशकं भौतिकीच्या प्रयोगशाळेत राहिलं. संदेशवहनाच्या इतिहासात त्याला खूप वरचं स्थान मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दूर जात नाहीत म्हणजे नेमकं काय? दोन्हीकडे तितक्याच क्षमतेचे अँटेना ठेवले, तर तेवढ्याच अंतरावर ६० गिगाहर्ट्झची लहर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा सव्वासहाशे पटीने क्षीण होऊन पोचते. त्यात ६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनही तिला शोषतो: किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल, म्हणजे बत्तीस भागांतला एकच भाग पलीकडे जातो. मुंबईत किंवा कोकणात आषाढात ताशी ५० मिलिमीटरची सर आली, तर किलोमीटरमागे आणखी १७ डेसिबलच्या आसपास नुकसान. हे आकडे घाबरवणारे वाटतात. पण अंतर १०० मीटरवर आणा, मग ऑक्सिजनचं नुकसान दीड डेसिबल आणि तशा मुसळधार पावसाचं पावणेदोन डेसिबल उरतं. दोन्ही मिळूनही निम्म्याच्या आसपास शक्ती हातात राहते. म्हणून या लहरींचं तंत्र ठरूनच गेलं. उंच टॉवर उभारून गावभर सिग्नल पसरवायचा नाही. रस्त्याच्या खांबांवर, स्टेशनच्या छतांवर, सभागृहांत जागोजागी छोटे अँटेना लावायचे.

प्रश्न इथे सुरू होतो. हजारो अँटेनांपर्यंत हा सिग्नल न्यायचा कशातून? तांब्याच्या उत्तम कोॲक्शियल केबलमध्येसुद्धा ६० गिगाहर्ट्झच्या सिग्नलची निम्म्याहून अधिक शक्ती एका मीटरमध्ये संपते. काचेच्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची निम्मी शक्ती संपायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. एक मीटर आणि पंधरा किलोमीटर, एवढा हा फरक. दुसरा मार्ग असा, की तंतूतून फक्त अंक पाठवायचे आणि मिलिमीटर लहर प्रत्येक खांबावर नव्याने घडवायची. त्यासाठी प्रत्येक खांबावर स्थिर ऑसिलेटर हवा, वारंवारता चढवणारी साखळी हवी, अंकांची लहर करणारं इलेक्ट्रॉनिक्स हवं. हे सगळं महाग, वीज खाणारं, उन्हापावसात तापणारं आणि बिघडलं तर शिडी लावून खांबावर चढायला लावणारं. म्हणून एक वेगळी कल्पना पुढे आली. मिलिमीटर लहर एकाच केंद्रात, वातानुकूलित खोलीत, उत्तम उपकरणांनी घडवायची, प्रकाशावर चढवायची आणि तंतूतून तशीच्या तशी पाठवायची. खांबावर फक्त प्रकाश पकडणारा फोटोडायोड, एक ॲम्प्लिफायर आणि अँटेना. या पद्धतीला तंत्रज्ञ ‘रेडिओ ओव्हर फायबर’ म्हणतात.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे लेसरचा झोत ६० गिगाहर्ट्झच्या तालावर तेजस्वी-मंद करायचा. एक लेसर आणि एक मॉड्युलेटर एवढ्यावर ते होतं. प्रयोगशाळेत दहा मीटर तंतूवर हे छान चालतं. रीळ बदलून एक किलोमीटर तंतू लावला, की टोकाला ६० गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो. प्रकाश मात्र पुरेपूर पोचलेला असतो. प्रकाशाची शक्ती मोजणारा मापक दाखवतो की तंतूत काहीच हरवलेलं नाही, आणि तरीही हवी ती लहर सापडत नाही. आणखी एक किलोमीटर तंतू जोडला तर लहर परत येते. तीन किलोमीटरला पुन्हा गायब.

याचं कारण काचेच्या स्वभावात आहे. झोत तालावर मंद-तेजस्वी केला की त्यात एकाऐवजी तीन प्रकाश तयार होतात: मधला मूळचा आणि दोन्ही बाजूंना त्याच्यापासून ६० गिगाहर्ट्झ अंतरावरचे दोन. फोटोडायोडमध्ये डावा प्रकाश मधल्याशी मिळून एक ६० गिगाहर्ट्झ देतो आणि उजवा मधल्याशी मिळून दुसरा. दोन्ही एका पावलावर आले तर बेरीज होते, उलट पावलांवर आले तर वजाबाकी. काचेत प्रत्येक रंगाचा वेग किंचित निराळा असतो. नेहमीच्या तंतूत १५५० नॅनोमीटरला १ नॅनोमीटरने वेगळे असलेले दोन रंग दर किलोमीटरला १७ पिकोसेकंदांनी एकमेकांपासून सरकतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म फरकाची फिकीर कोण करतो असं वाटेल. पण ६० गिगाहर्ट्झच्या लहरीचं एक पूर्ण आवर्तनच १७ पिकोसेकंदांच्या आत संपतं. किलोमीटरभरात ही सरक दोन्ही लहरींना बरोबर उलट पावलांवर आणते आणि त्या एकमेकींना खोडून काढतात. शहरात तंतू कुठून कुठे वळतो, किती मीटर भरतो हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे अमुक खांबावर सिग्नल येईल आणि तमुकवर येणार नाही, अशी लॉटरी होऊन बसते.

यातून सुटण्याची वाट म्हणजे तीनपैकी एक प्रकाश काढून टाकणं. तंतूत फक्त दोन प्रकाश उरले, की खोडून काढणारी दुसरी जोडीच शिल्लक राहत नाही. आणि एकदा दोनच प्रकाश लागतात हे लक्षात आलं, की मग ते दोन वेगळ्या लेसरमधून का घेऊ नयेत, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. या विषयाचं सगळं मर्म या प्रश्नात आहे.

तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, जोडीच्या, एकाच षड्जाला लावतात. लावताना त्यांच्यात किंचित फरक राहिला तर आवाज संथपणे मोठा-लहान होत डोलतो. एक तार सेकंदाला १४० वेळा आणि दुसरी १४३ वेळा कंप पावत असेल, तर हे डोलणं सेकंदाला तीनदा होतं. कानाला १४० कंपनं मोजता येत नाहीत, तीन हेलकावे मात्र सहज मोजता येतात. दोन लेसरांचं तंतोतंत हेच होतं. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा कंप पावतो. दुसरा लेसर त्याच्यापासून ०.४८ नॅनोमीटर बाजूला लावला, तर दोघांच्या कंपनांत सेकंदाला ६००० कोटींचा फरक पडतो, म्हणजेच ६० गिगाहर्ट्झ. दोन्ही प्रकाश एका तंतूत सोडले की त्यांचं एकत्रित तेज सेकंदाला ६००० कोटी वेळा डोलतं. फोटोडायोडला प्रकाशाची मूळ कंपनं कळत नाहीत. त्याला फक्त तेज कळतं. तेज डोललं की त्यातून निघणारा विद्युतप्रवाहही त्याच तालावर डोलतो, आणि तो प्रवाह अँटेनाला दिला की ६० गिगाहर्ट्झची रेडिओ लहर हवेत निघते. माहिती चढवायची ती दोनपैकी एकाच प्रकाशावर. डोलण्यात ती आपोआप उतरते. दुसरा लेसर जरा सरकवला की त्याच यंत्रातून ९० गिगाहर्ट्झ, आणखी सरकवला की ३००. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एवढा पल्ला गाठायला प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्र चिप बनवावी लागते.

या वारंवारतेला साधा फोटोडायोड दमतो. त्यात प्रकाश पडला की ऋणभारित इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या जागी उरलेल्या धनभारित पोकळ्या, दोन्ही धावतात, आणि पोकळ्या मंद असतात. जपानच्या एनटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत तादाओ इशिबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशी रचना मांडली, ज्यात प्रकाश शोषणारा थर आणि धावायचा थर वेगळे आहेत आणि धावण्याचं काम फक्त इलेक्ट्रॉनांकडे आहे. त्यामुळे फोटोडायोड चपळ झाला आणि जास्त प्रकाशही सोसू लागला. १०० गिगाहर्ट्झला कित्येक मिलिवॅट शक्ती थेट प्रकाशातून मिळू लागली. ऐकायला थोडी आहे, पण वर एक ॲम्प्लिफायर दिला की शेदोनशे मीटरसाठी ती पुरते.

दोन लेसरांची ही युक्ती कागदावर जितकी सोपी दिसते तितकी टेबलावर नाही. संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या लेसरचं तापमान १ अंशाने वाढलं, तर त्याचा रंग सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकतो. ०.१ नॅनोमीटर म्हणजे या ठिकाणी १२ गिगाहर्ट्झ. एका लेसरजवळचं तापमान दशांश अंशाने चढलं, तर आपली रेडिओ लहर एक गिगाहर्ट्झहून जास्त सरकली, थेट दुसऱ्याच्या पट्ट्यात गेली! शिवाय प्रत्येक लेसर स्थिर तापमानालाही क्षणोक्षणी थोडा थरथरतो. दोन स्वतंत्र लेसर स्वतंत्रपणे थरथरतात आणि ती सगळी थरथर डोलण्यात उतरते. सूक्ष्म फरकांतून जास्त माहिती पाठवायची असेल तर अशी लहर कामाची नाही.

उपाय असा की दोन्ही प्रकाश एकाच लेसरमधून काढायचे. मग लेसर थरथरला तरी दोघे मिळून थरथरतात आणि त्यांच्यातलं अंतर कायम राहतं. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या जॉन ओरायली यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलेली रीत मला फार सुबक वाटते. मॉड्युलेटरवर एक स्थिर विद्युतदाब असा लावायचा की मधला मूळ प्रकाश स्वतःलाच खोडून टाकेल. मग उरतात फक्त बाजूचे दोन, आणि त्यांच्यातलं अंतर मॉड्युलेटरला दिलेल्या वारंवारतेच्या दुप्पट. म्हणजे ३० गिगाहर्ट्झचा स्वस्त, स्थिर स्रोत वापरून ६० गिगाहर्ट्झ मिळतात, आणि किलोमीटरवर सिग्नल गायब होण्याची अडचणही त्याच फटक्यात मिटते. दुसरी रीत म्हणजे अतिशय नियमित स्पंदनं सोडणारा लेसर घ्यायचा. त्याच्या प्रकाशात सारख्या अंतरावर अनेक रंग असतात. त्यातले हवे ते दोन गाळून घ्यायचे. जर्मनीत कार्ल्सरुहं इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशाच लेसरमधून २३७.५ गिगाहर्ट्झची लहर काढली आणि तिच्यावरून २० मीटर अंतरावर सेकंदाला १०० गिगाबिट माहिती पाठवली. वीस मीटर फार नाहीत. पण एका लहरीवरून एवढा वेग तोवर हवेत कुणी पाहिला नव्हता.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे का? नाही, आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा पृथ्वीवरच्या अतिशय कोरड्या जागी आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५००० मीटर उंचीच्या चाहनांतोर पठारावर ‘आल्मा’ ही दुर्बीण आहे. तिचं उद्घाटन मार्च २०१३ मध्ये झालं. ती ६६ अँटेनांची मिळून बनलेली आहे आणि अँटेना एकमेकांपासून १६ किलोमीटरपर्यंत दूर नेता येतात. आकाशातून येणाऱ्या मिलिमीटर लहरी या सगळ्यांनी मिळून पकडायच्या, तर प्रत्येक अँटेनाजवळ एक संदर्भ लहर हवी आणि ती ६६ ठिकाणी एकाच पावलावर हवी. आल्माने ती प्रकाशातून नेली. मध्यवर्ती इमारतीत दोन लेसरांमधलं अंतर २७ ते १२२ गिगाहर्ट्झच्या दरम्यान हवं तिथे पक्कं बांधतात, ते दोन प्रकाश जमिनीखालच्या तंतूंतून प्रत्येक अँटेनाकडे जातात आणि तिथे फोटोमिक्सर त्यांच्यातून लहर काढतो.

अडचण तंतूच्या लांबीची. १५ किलोमीटर तंतूचं तापमान १ अंशाने बदललं, तर काचेतला प्रकाशमार्ग दहाएक सेंटिमीटरने कमी-जास्त होतो. आकाशातली लहर जेमतेम मिलिमीटरची असताना ही चूक तिच्या शंभरपट. म्हणून अँटेनाकडे गेलेल्या प्रकाशाचा काही भाग त्याच तंतूतून परत आणतात, जाऊन-येऊन किती वेळ लागला ते सतत ताडून पाहतात आणि फरक पडला की वाटेतला तंतूचा एक तुकडा यंत्राने इतकाच ताणतात किंवा सैल सोडतात की मार्ग पूर्ववत व्हावा. त्या पठारावर दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडत असताना हे ताणणं-सोडणं अखंड चालू असतं. नवजात ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्या, त्यांच्यातली कडी, ग्रह घडत असल्याच्या खुणा, ही आल्माची सगळी चित्रं या काटेकोर प्रकाशावर उभी आहेत.

उलट दिशेची, म्हणजे अँटेनाकडून केंद्राकडे येणारी गोष्ट पाहायला चिलीला जायला नको. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरले आहेत: चौदा मध्यभागी, बाकीचे तीन हातांवर. प्रत्येक अँटेनाने पकडलेली लहर तंतूतून केंद्रातल्या इमारतीत येते. अलीकडे दुर्बिणीची क्षमता वाढवली तेव्हा अँटेनावर मिळालेली रेडिओ लहर तिथेच अंकांत न बदलता थेट लेसरच्या प्रकाशावर चढवून आणायची व्यवस्था झाली. त्या लहरी मीटर, सेंटिमीटरच्या आहेत, मिलिमीटरच्या नाहीत, त्यामुळे काचेतल्या रंगांच्या सरकण्याचा जाच तिथे नाही. पण मूळ विचार तोच: अँटेनापाशी उपकरणं कमीत कमी, गुंतागुंत सगळी एका छताखाली. रेडिओ दुर्बिणीच्या बाबतीत याला आणखी एक अर्थ आहे. अँटेनाजवळ जितकं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स कमी, तितका त्याचा रेडिओ गोंगाटही कमी. जुन्नर तालुक्यातल्या शेतांच्या बांधांजवळून ही काच गेली आहे, हे तिथून जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

जपानमध्ये हे तंत्र रेल्वेवर आणि विमानतळावर गेलं. जुलै २००० मध्ये पॅरिसहून निघालेलं काँकॉर्ड विमान धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीमुळे कोसळलं आणि ११३ जण गेले. तेव्हापासून धावपट्टीवरच्या लहानसहान वस्तू शोधणाऱ्या रडारांवर जगभर काम चालू झालं. जपानी संशोधकांनी नारिता विमानतळावर ९० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रडारची चाचणी घेतली, ज्यात धावपट्टीच्या कडेच्या छोट्या रडारांना सिग्नल केंद्रातून तंतूतून पुरवला जातो. आखूड लहर म्हणून बोटाएवढी वस्तू दिसू शकते. आणि सिग्नल एकाच जागी घडतो म्हणून सगळी रडारं एकसारखी वागतात.

रेल्वेचा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. अतिवेगवान गाडीत शेकडो प्रवासी बसलेले असतात आणि गाडी सेकंदाला साठ-सत्तर मीटर पळते. समजा रुळांच्या कडेला दर ५०० मीटरवर मिलिमीटर लहरींचा अँटेना आहे. तर दर सात-आठ सेकंदांनी गाडी एकाचा परिसर सोडून दुसऱ्याच्या परिसरात शिरणार. नेहमीच्या मोबाइल पद्धतीत प्रत्येक वेळी जुन्या बेस स्टेशनचा निरोप आणि नव्याशी ओळख हे सोपस्कार व्हावे लागतात, आणि त्यात संपर्क अडखळतो. पण गाडी कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल हे रेल्वेला नेमकं माहीत असतं. सिग्नल प्रकाशावर असेल, तर केंद्रात लेसरचा रंग बदलला की तो पुढच्या खांबाकडे वळतो, कारण प्रत्येक खांबाला आपापला रंग नेमून दिलेला असतो. गाडीच्या दृष्टीने सगळे खांब मिळून एकच लांबलचक बेस स्टेशन होतं. अशा रचनेची चाचणी जपानमध्ये ताशी २४० किलोमीटर वेगाच्या गाडीवर ९७ गिगाहर्ट्झला झाली आणि सेकंदाला दीड गिगाबिट माहिती मिळाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग आपल्या चौकातल्या ५जीच्या खांबावर हे तंत्र का दिसत नाही? कारण अंकांचा मार्ग त्याच्या आड आहे आणि तो मार्ग बलवान आहे. प्रकाशावर चढवलेली लहर वाटेत थोडाफार गोंगाट गोळा करते. लेसर आणि फोटोडायोडच्या उणिवा तिच्यात उतरतात, आणि एकदा उतरल्या की निघत नाहीत. अंक मात्र पलीकडे जसेच्या तसे पोचतात. त्यामुळे ४जीच्या काळात मोबाइल कंपन्यांनी लहरीचे नमुने घेऊन अंकरूपात तंतूतून पाठवायची पद्धत स्वीकारली. तिची किंमतही बघण्यासारखी आहे. ४जीच्या २० मेगाहर्ट्झ वाहिनीवर एका अँटेनातून ग्राहकांना सेकंदाला साधारण ७५ मेगाबिट मिळतात, पण तिचे नमुने अंकांत नेण्यासाठी तंतूतून सेकंदाला १२२८.८ मेगाबिट पाठवावे लागतात. सोळापट! मिलिमीटर लहरींची ४०० मेगाहर्ट्झची वाहिनी त्याच पद्धतीने नेली, तर एकेका अँटेनासाठी सेकंदाला जवळपास २० गिगाबिट लागतील, आणि अँटेना तर डझनांनी असतात. म्हणून ५जीत कामाची वाटणी बदलली. काही प्रक्रिया खांबावरच करायची, म्हणजे तंतूवरचा बोजा उतरतो. पण त्याबरोबर खांबावरचं इलेक्ट्रॉनिक्स वाढतं. म्हणजे जे टाळायचं होतं तेच परत येतं.

शिवाय मोबाइलला दोन्ही दिशा लागतात. केंद्रातून खांबाकडे लहर नेणं आता जमतं. खांबाकडून केंद्राकडे आणताना मात्र, शेकडो मीटरवरच्या हातातल्या फोनने सोडलेली क्षीण मिलिमीटर लहर आधी वाढवायची आणि मग प्रकाशावर चढवायची, तर खांबावर त्या वारंवारतेला चालणारा मॉड्युलेटर हवा, किंवा लहर खालच्या वारंवारतेवर उतरवायला स्थिर संदर्भ हवा. तो संदर्भ केंद्रातूनच दोन प्रकाशांच्या रूपात पाठवता येतो, आल्मासारखा. हे होतं, पण खांबावरचं सामान वाढत जातं आणि साधेपणाचा मूळ दावा थोडा कमजोर पडतो. या क्षेत्रातल्या लोकांनी या अर्ध्या भागाकडे अधिक लक्ष द्यायला हवं असं माझं मत आहे. वेगाचे विक्रम बहुतेक वेळा एकाच दिशेचे असतात.

१०० गिगाहर्ट्झच्या खाली सिलिकॉनच्या चिप स्वस्त होत चालल्या आहेत आणि तिथे अंकांची पद्धत टिकून राहील, असंच दिसतं. २५० गिगाहर्ट्झच्या पुढे गोष्ट वेगळी आहे. २०१७ मध्ये आयईईई या संस्थेने २५२ ते ३२२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला १०० गिगाबिटपर्यंतच्या दुव्यांसाठी मानक प्रसिद्ध केलं, आणि २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने २७५ ते ४५० गिगाहर्ट्झमधले काही पट्टे संदेशवहनासाठी निवडले. तिथे इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटरमधून स्वच्छ लहर काढणं दर पायरीला कठीण होत जातं, लेसरांना मात्र ३०० गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे अडीच नॅनोमीटरचं अंतर. लेसर, मॉड्युलेटर आणि फोटोडायोड इंडियम फॉस्फाइडच्या एकाच चिपवर बसवण्याचं काम युरोपातल्या आणि जपानमधल्या प्रयोगशाळांत चालू आहे. ही चिप स्वस्त झाली तर पहिले ग्राहक रेल्वे, विमानतळ आणि मोठी डेटा केंद्रं असतील असा माझा अंदाज आहे. तिथे अँटेनांच्या जागा ठरलेल्या असतात, तंतू आधीच टाकलेला असतो आणि देखभालीला माणसं हजर असतात. घरोघरच्या फोनचा नंबर त्यांच्या बराच मागे लागेल.